शिंपले पोखरणारे सागरी स्पंज : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातून समुद्र तसा फार लांब नाही. चोर्ला किंवा अनमोड घाट उतरला की गोवा लागतो, आंबोली उतरली की सावंतवाडी, वेंगुर्ले आणि मालवण, तर अणशी घाटाने कारवार गाठता येते. सुट्टीत किनाऱ्यावर गेलेली मुले शिंपले गोळा करून आणतात. त्यांतले अखंड, चकचकीत शिंपले काचेच्या बरणीत जातात आणि चाळणीसारखी भोके पडलेले टाकून दिले जातात. या भोकांमागे ‘क्लायोना’ आणि तिच्या जवळच्या प्रजातींतील स्पंज असतात. त्यांच्याविषयी विद्यार्थी, शिक्षक आणि पालक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत.

पोखरणारे स्पंज म्हणजे नेमके काय?

स्पंज हे प्राणी आहेत. त्यांचा समावेश ‘पोरिफेरा’ या संघात होतो आणि आजवर त्यांच्या नऊ हजारांहून अधिक जातींची नोंद झालेली आहे. बहुतेक स्पंज खडकावर, शिंपल्यावर किंवा वाळूत बसून वाढतात. काही थोडे मात्र चुन्याच्या कठीण पदार्थाच्या आत, म्हणजे शिंपले, शंख, प्रवाळ किंवा चुनखडक यांमध्ये शिरून स्वतःसाठी दालने कोरतात आणि त्या दालनांतच राहतात. त्यांतील सर्वांत मोठे आणि सर्वांत अभ्यासलेले कुल म्हणजे क्लायोनेइडी. क्लायोना, पायोन, क्लायोथोसा, स्फेसिओस्पाँजिया या प्रजाती याच कुलातल्या आहेत. पोखरण्याची सवय मात्र या एकाच कुलाची मक्तेदारी नाही. थूसा, अलेक्टोना आणि सायफोनोडिक्टिऑन या प्रजातींचे स्पंजही पोखरतात, आणि सायफोनोडिक्टिऑन तर अगदी वेगळ्या गणातला आहे. त्यामुळे ही सवय स्पंजांमध्ये एकापेक्षा अधिक वेळा स्वतंत्रपणे उत्पन्न झाली असावी, असे मानले जाते.

क्लायोना या प्रजातीचे वर्णन १८२६ साली रॉबर्ट ग्रँट यांनी स्कॉटलंडच्या फर्थ ऑफ फोर्थ या खाडीतील कालवांच्या (ऑयस्टर या शिंपल्यांच्या) कवचावरून केले. चार्ल्स डार्विन एडिंबरोला वैद्यकाचे शिक्षण घेत असताना त्यांना सागरी प्राण्यांच्या अभ्यासाची गोडी लावणारे ग्रँट ते हेच. स्पंजाच्या शरीरातून पाण्याचा प्रवाह वाहतो, हे निरीक्षणाने दाखवून देणाऱ्यांमध्येही त्यांचे नाव अग्रभागी येते.

शिंपल्यातली भोके स्पंजानेच पाडली आहेत, हे कसे ओळखावे?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो आणि त्याचे उत्तर घाईने देऊ नये, कारण शिंपल्याला भोक पाडणारे प्राणी बरेच आहेत. शिंपल्याच्या बिजागरीजवळ एकच गोल, कडा उतरत्या असलेले, नीट घासून काढल्यासारखे भोक असेल, तर ते नॅटिका गटातल्या शिकारी गोगलगायीचे काम असते. तिने ते भोक पाडून आतला जीव खाल्लेला असतो. कडेजवळ जोडीजोडीने असलेली बारीक भोके आणि त्यांच्यामध्ये इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराची नळी दिसली, तर ती बहुधा पॉलिडोरा गटातल्या कृमीची असते. जाड प्रवाळात किंवा खडकात बोट जाईल एवढे एकटे, लांबट भोक असेल, तर ते लिथोफागासारख्या पोखरणाऱ्या शिंपल्याचे समजावे.

स्पंजाची खूण या सर्वांहून वेगळी असते. भोके पुष्कळ असतात, ती साधारण गोल पण आकाराने कमीजास्त असतात, बहुतेक एक-दोन मिलिमीटरची किंवा त्याहून लहान, आणि ती शिंपल्याच्या पृष्ठभागावर विखुरलेली असतात. खरी साक्ष आत मिळते. असा शिंपला फडक्यात गुंडाळून हलक्या हाताने फोडला आणि तुटलेली कड भिंगातून पाहिली, तर बाहेरची ती सुटी भोके आतल्या बाजूला एकमेकांना जोडलेल्या दालनांमध्ये उघडतात असे दिसते. दालनांमधल्या भिंती कधीकधी कागदाएवढ्या पातळ उरलेल्या असतात, आणि भिंग थोडे जास्त शक्तीचे असेल तर त्या भिंतींवर उथळ वाट्यांसारखे अगणित बारीक खळगे उमटलेले दिसतात. तो प्रत्येक खळगा म्हणजे स्पंजाने उचकटून काढलेल्या एकेका कणाची जागा होय. हे खळगे दिसले म्हणजे शंकेला जागा उरत नाही.

स्पंजाला दात नाहीत, नखे नाहीत. मग तो एवढे कठीण कवच पोखरतो कसे?

एकोणिसाव्या शतकात यावर बराच वाद झाला. स्पंज स्वतः काही पोखरत नाही, कृमींनी केलेल्या भोकांत तो नंतर येऊन राहतो, असे काही अभ्यासक म्हणत. अल्बनी हँकॉक यांनी १८४९ साली या गटातल्या अनेक जातींचे वर्णन करताना स्पंज स्वतःच पोखरतो अशी बाजू मांडली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत स्पंजाचे काम पाहता आल्यावर हा वाद मिटला.

स्पंजाच्या वाढत्या कडेला काही खास पेशी असतात. अशी पेशी कवचाच्या पृष्ठभागाला चिकटते आणि आपल्या कडेचे अतिशय बारीक तंतू कवचात उतरवते. तंतू जिथे टेकतात तिथला चुना विरघळतो आणि एक अरुंद चीर तयार होते. ही चीर हळूहळू खाली आणि आतल्या बाजूला वळत जाते, आणि शेवटी पेशीच्या कवेत सापडलेला कण सर्व बाजूंनी सुटा होतो. हा कण मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढाच असतो. स्पंज तो खात नाही. शरीरातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या प्रवाहाबरोबर तो कण बाहेर टाकला जातो.

म्हणजे या कामात रसायन आणि यांत्रिक काम दोन्ही आहेत. त्यांचे प्रमाण किती, याबाबत मते बदललेली आहेत. १९७० च्या दशकातल्या अभ्यासात काढलेल्या चुन्यापैकी फक्त दोन-तीन टक्के भाग विरघळतो आणि बाकीचा कणांच्या रूपाने निघतो, असा हिशेब मांडला गेला. नंतर पायोन प्रजातीवर झालेल्या मोजणीत विरघळणारा वाटा कितीतरी जास्त आढळला. माझ्या मते पाठ्यपुस्तकांत अजूनही केवळ जुना आकडा छापला जातो, हे योग्य नाही. विद्यार्थ्यांना दोन्ही निष्कर्ष सांगितले पाहिजेत.

हे काम किती वेगाने चालते?

ए. सी. न्यूमन यांनी १९६६ साली बर्म्युडा येथील क्लायोना लँपा या जातीवर केलेले मोजमाप या विषयात नेहमी दिले जाते. त्यांच्या प्रयोगात शंभर दिवसांत दर चौरस मीटरला सहा ते सात किलो चुनखडक निघाला. हा वेग ताज्या, मोकळ्या पृष्ठभागावरचा आहे. स्पंज एकदा स्थिरावला की वेग पुष्कळ मंदावतो, म्हणून या आकड्याला वर्षांनी गुणून निष्कर्ष काढू नयेत. तरीही एवढ्या चुन्याचे होते काय, हा प्रश्न उरतोच. बाहेर टाकलेले ते खळग्यांच्या आकाराचे कण तळाशी साचतात आणि काही प्रवाळ खाजणांच्या गाळात त्यांचा वाटा ३० टक्क्यांपर्यंत आढळला आहे. किनाऱ्याचा बारीक गाळ केवळ लाटांनी घासून होतो ही समजूत त्यामुळे अपुरी ठरते.

स्पंज कवच खात नसेल, तर खातो काय?

तो इतर स्पंजांप्रमाणे पाणी गाळून जगतो. असंख्य सूक्ष्म छिद्रांतून पाणी आत येते, कशाभिका (चाबकासारखे हलणारे तंतू) असलेल्या कॉलर पेशी त्यातले जीवाणू आणि अतिसूक्ष्म सेंद्रिय कण पकडतात, आणि गाळलेले पाणी मोठ्या छिद्रातून बाहेर जाते. कवच हे त्याचे घर असते, अन्न नव्हे.

याला एक जोड आहे. क्लायोना व्हिरिडिस, क्लायोना ओरिएंटॅलिस, क्लायोना व्हेरियन्स यांसारख्या काही जातींच्या पेशींमध्ये सूक्ष्म शैवाले राहतात, अगदी प्रवाळांमध्ये राहतात तशीच. ती प्रकाशसंश्लेषण करून स्पंजाला अन्न पुरवतात. अशा जाती उजेडाच्या उथळ पाण्यात जोमाने वाढतात आणि अधिक वेगाने पोखरतात.

जिवंत स्पंज बाहेरून कसा दिसतो?

सुरुवातीच्या अवस्थेत त्याचे जवळजवळ सगळे शरीर कवचाच्या आत असते आणि प्रत्येक भोकातून एक लहानशी गोल पिवळी, नारिंगी किंवा लालसर गाठ तेवढी डोकावते. क्लायोना सेलाटामध्ये या गाठी पिवळ्या असतात. त्यांना स्पर्श झाला तर त्या हळूहळू आखडून आत जातात. ओहोटीच्या वेळी उथळ डबक्यातल्या कालवावर हे पाहता येते. काही जातींत पुढे या गाठी एकमेकींना मिळतात आणि स्पंज कवचावर सलग थर पसरतो. काही जाती याही पुढे जातात, कवच पार संपवून टाकतात आणि मोकळा, मोठा गोळा होऊन वाढतात. अभ्यासक या तीन रूपांना अल्फा, बीटा आणि गॅमा म्हणतात.

तिसऱ्या रूपाचा सर्वांत देखणा नमुना म्हणजे ‘नेपच्यूनचा पेला’, अर्थात क्लायोना पटेरा. एक मीटरहून उंच वाढणाऱ्या या पेल्यासारख्या स्पंजाचे वर्णन एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी सिंगापूरच्या नमुन्यावरून झाले. संग्राहकांनी आणि मासेमारीने तो इतका ओरबाडला गेला की विसाव्या शतकात तो नामशेष झाला असेच समजले जात होते. २०११ साली सिंगापूरच्याच पाण्यात तो पुन्हा जिवंत सापडला.

यांचे प्रजनन कसे होते?

या कुलातल्या बहुतेक जाती पाण्यात अंडी सोडतात. त्यांतून निघालेला डिंभ, म्हणजे स्पंजाची बाल्यावस्था, थोडा काळ पोहतो किंवा तळावर सरपटतो आणि चुन्याचा योग्य पृष्ठभाग मिळाला की तिथे बसतो. डिंभाचे हे भटकणे अल्पकाळाचे असल्यामुळे स्पंज फार दूरवर आपोआप पसरत नाही. तुटलेल्या तुकड्यातूनही नवा स्पंज उभा राहू शकतो. ही गोष्ट कालवे पाळणाऱ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावी, कारण स्पंज लागलेली कवचे फोडून तिथेच पाण्यात टाकणे म्हणजे त्याची लागवड करण्यासारखेच आहे.

जगात हे स्पंज कुठे कुठे आढळतात?

उष्ण आणि समशीतोष्ण अशा दोन्ही समुद्रांत, भरती-ओहोटीच्या पट्ट्यापासून ते शेकडो मीटर खोलीपर्यंत ते सापडतात. अट एवढीच की पोखरण्यासाठी चुना हवा. जातींची विविधता प्रवाळ असलेल्या उष्ण समुद्रांत जास्त आहे.

इथे एक सावधगिरी आवश्यक आहे. जुन्या याद्यांमध्ये क्लायोना सेलाटा ही जात जगातल्या जवळजवळ प्रत्येक किनाऱ्यावर नोंदलेली दिसते. या जातीच्या कंटिका, म्हणजे सांगाड्यातल्या सुईसारख्या सूक्ष्म काड्या, अगदी साध्या आणि एकाच प्रकारच्या असल्याने दूरदूरचे नमुने सारखेच वाटतात. ईशान्य अटलांटिक आणि भूमध्य समुद्रातील नमुन्यांच्या जनुकांची २०१० साली तपासणी झाली, तेव्हा एका नावाखाली प्रत्यक्षात अनेक वेगवेगळ्या जाती दडलेल्या आढळल्या. त्यामुळे भारतीय किनाऱ्यावरच्या जुन्या नोंदींतले हे नाव वाचताना, युरोपात आहे तीच जात इथे आहे, असे गृहीत धरू नये. आपल्या किनाऱ्यावरच्या नमुन्यांचा नव्याने अभ्यास होणे फार गरजेचे आहे.

भारताच्या किनाऱ्यावर यांचा अभ्यास कुणी केला आणि ते कुठे सापडतात?

भारतीय प्राणिसर्वेक्षण विभागाचे पहिले संचालक नेल्सन अ‍ॅनंडेल यांनी १९१५ साली भारतातील पोखरणाऱ्या स्पंजांवर स्वतंत्र निबंध लिहिला. त्याआधी १९०५ साली आर्थर डेंडी यांनी श्रीलंकेच्या मोती-कालवांवरून क्लायोना मार्गारिटिफेरा या जातीचे वर्णन केले होते. स्वातंत्र्यानंतर केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेचे पी. ए. थॉमस यांनी मन्नारचे आखात आणि पाल्क सामुद्रधुनी येथील प्रवाळ, मोती-कालवे आणि शंखांच्या थव्यांवर होणाऱ्या या स्पंजांच्या आक्रमणाचा अनेक वर्षे अभ्यास केला. आज आपल्याला या गटाची जी माहिती आहे, तिचा मोठा भाग त्यांच्या कामावर उभा आहे, आणि त्याची दखल विद्यार्थ्यांच्या पुस्तकांत फारशी घेतली जात नाही याचे वाईट वाटते.

मन्नार, लक्षद्वीप, अंदमान-निकोबार आणि कच्छचे आखात ही प्रवाळांची ठिकाणे या स्पंजांना सर्वांत सोयीची आहेत. आपल्याला जवळच्या पश्चिम किनाऱ्यावर प्रवाळ तुरळक आहेत. मालवण, गोव्याचे ग्रँड बेट आणि मुरुडेश्वरजवळचे नेत्राणी ही त्यांतली ठळक ठिकाणे. पण या किनाऱ्यावर कालवे, तिसऱ्या (खाण्याचे लहान शिंपले) आणि जाड कवचाचे शंख मुबलक आहेत, आणि पोखरणाऱ्या स्पंजाला तेवढे पुरते.

पावसाळ्यात खाड्यांमधल्या स्पंजांचे काय होते?

या प्रश्नाचा थेट संबंध आपल्या भागाशी आहे. खानापूर तालुक्याच्या डोंगरात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होऊन समुद्राला मिळते. जून ते सप्टेंबर या काळात घाटमाथ्यावर पडलेला पाऊस खाडीत उतरतो आणि तिथल्या पाण्याचा खारेपणा झपाट्याने खाली येतो. कारवारला काळी नदीच्या मुखाशीही हेच घडते. स्पंजाला शिंपल्याप्रमाणे झडप मिटून बसता येत नाही, त्यामुळे दीर्घकाळ गोडे पाणी राहिले की खाडीतल्या पुष्कळ स्पंजांचा मऊ भाग मरतो. सगळ्या जाती सारख्या नाजूक नसतात. पायोन गटातल्या जाती कमी खारेपणा क्लायोना सेलाटापेक्षा जास्त सोसतात, आणि त्यांच्यापैकी काही जाती कवचाच्या आत गेम्यूल नावाच्या टणक कळ्या बनवून वाईट काळ काढतात. म्हणूनच खाडीच्या मुखापासून आत जावे तसे पोखरलेल्या कालवांचे प्रमाण आणि पोखरणारी जात दोन्ही बदलतात. कालवाच्या भोकांवरून त्या जागेच्या पाण्याच्या खारेपणाचा अंदाज बांधता येतो, असे अमेरिकेच्या दक्षिण कॅरोलिनातील अभ्यासात विसाव्या शतकाच्या मध्यावर दाखवण्यात आले होते. मांडवी-झुवारीच्या काठावर असे काम एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने हाती घेण्याजोगे आहे.

मलप्रभा, घटप्रभा किंवा कृष्णेत असे स्पंज सापडतील का?

नाही. गोड्या पाण्यातही स्पंज असतात आणि भारतातल्या नद्या-तलावांत दगडांवर, बुडालेल्या लाकडांवर ते वाढतात, पण ते वेगळ्या गटातले आहेत आणि पोखरत नाहीत.

बागलकोटकडच्या चुनखडीत किंवा आपल्या जांभ्या दगडात दिसणारी भोके स्पंजांची आहेत का?

जांभ्याची भोके झिजेमुळे होतात. मूळ खडकातले विरघळणारे घटक पावसाच्या पाण्याने निघून जातात आणि लोह-अ‍ॅल्युमिनिअमचा सच्छिद्र सांगाडा उरतो. त्यात कोणत्याही प्राण्याचा हात नसतो.

कलादगी खोऱ्यातल्या चुनखडकांची गोष्ट अधिक विलक्षण आहे. बेळगाव आणि बागलकोट या दोन्ही जिल्ह्यांत पसरलेले हे खडक एका प्राचीन उथळ समुद्रात साचलेले आहेत, आणि बागलकोट परिसरातल्या त्यांच्या थरांत सूक्ष्मजीवांच्या चटयांनी बनवलेले स्ट्रोमॅटोलाइट आढळतात. म्हणजे समुद्र होता, चुना होता, उजेड होता. पण पोखरणारा प्राणी नव्हता. हे खडक शंभर कोटी वर्षांहून जुने आहेत, आणि स्पंजांचे निर्विवाद जीवाश्म साधारण चोपन्न कोटी वर्षांपूर्वीच्या केंब्रियन काळापासूनच मिळू लागतात. स्पंजांनी पोखरल्याच्या जीवाश्म खुणांना ‘एंटोबिया’ म्हणतात आणि त्या क्रिटेशस काळापासून (साधारण साडेचौदा ते साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा काळ) पुढच्या सागरी खडकांत मुबलक दिसतात. बागलकोटच्या चुनखडीत गुळगुळीत भोके दिसली तर ती पाण्याने विरघळून झालेली समजावीत.

कालवांना यामुळे इजा होते का? आणि अशी कालवे खावीत का?

स्पंज कालवाचे मांस खात नाही, पण कवच पोखरत पोखरत तो आतल्या अस्तरापर्यंत पोचला की कालवाला आतून नवे थर चढवत बसावे लागते. या डागडुजीत त्याची शक्ती खर्च होते, वाढ खुंटते, आणि कवच इतके ठिसूळ होते की खेकड्याला ते सहज फोडता येते. मोती-कालवांच्या बाबतीत हे नुकसान मोठे असते. पाळलेली कालवे काही काळ उन्हात कोरडी ठेवणे, गोड्या पाण्यात किंवा तीव्र मिठाच्या पाण्यात बुडवणे हे उपाय केले जातात. कालव झडप मिटून तेवढा वेळ काढते, स्पंज मरतो.

खाण्याबद्दल सांगायचे तर हा स्पंज माणसाला अपायकारक नाही. कालव ताजे आहे की नाही एवढेच पाहावे.

हवामानबदलाचा यांच्यावर काय परिणाम होतो?

समुद्राच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड वाढला की पाणी कमी अल्कधर्मी होते. अशा पाण्यात प्रवाळांना चुना साठवणे जड जाते, तर स्पंजाला तो विरघळवणे सोपे जाते, हे प्रयोगांमध्ये वारंवार दिसून आले आहे. शिवाय पाणी तापून प्रवाळ पांढरे पडले आणि मेले की स्पंजाला बसायला मोकळी जागा मिळते. तरीही या स्पंजांना शत्रू ठरवणे मला मान्य नाही. मेलेले शिंपले आणि प्रवाळ फोडून त्यांतला चुना पुन्हा गाळात आणि पाण्यात मिसळवणे हे काम ते कोट्यवधी वर्षे करत आले आहेत. बिघडलेला आहे तो बांधणारे आणि पोखरणारे यांच्यातला तोल, आणि तो माणसाने बिघडवलेला आहे.

अंघोळीचा स्पंज यांच्यापासूनच बनतो का?

नाही. तो मुख्यतः भूमध्य समुद्रातल्या स्पाँजिया आणि हिप्पोस्पाँजिया या प्रजातींचा असतो, ज्यांत टोचणाऱ्या कंटिका नसतात. क्लायोनाचा सांगाडा सिलिकेच्या कंटिकांचा असतो आणि तो अंगाला घासण्यालायक नसतो.

शाळेच्या प्रयोगशाळेत हा स्पंज तपासता येईल का?

येईल, पण नमुना योग्य हवा. किनाऱ्यावर बरेच दिवस पडून पांढरा पडलेला शिंपला दालने दाखवण्यास उत्तम असतो, मात्र त्यातल्या कंटिका बहुधा वाहून गेलेल्या असतात. ज्याच्या भोकांत पिवळट किंवा तपकिरी सुकलेला पदार्थ दिसतो असा शिंपला निवडावा. तो पदार्थ सुईने कोरून काचेच्या नळीत घ्यावा, त्यावर घरगुती ब्लीचचे थोडे द्रावण घालून रात्रभर ठेवावे, आणि सकाळी तळाशी बसलेला पांढरा साका तीन-चार वेळा पाण्याने धुऊन त्याचा थेंब काचपट्टीवर घ्यावा. शंभर पट मोठे दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. एका टोकाला गोल डोके आणि दुसऱ्या टोकाला अणकुचीदार अशा, टाचणीसारख्या कंटिका दिसतील. त्यांची लांबी साधारण ०.२ ते ०.४ मिलिमीटर भरते. फक्त याच कंटिका असतील तर तो क्लायोना सेलाटाच्या गटातला असण्याची शक्यता मोठी. त्यांच्याबरोबर दोन्ही टोके निमुळती असलेल्या काटेरी कंटिका आणि अगदी बारीक काटेरी कांड्या दिसल्या तर तो पायोन समजावा. पिळदार, काटेरी अशा सूक्ष्म कंटिका क्लायोनाच्या इतर अनेक जातींत असतात.

ब्लीच आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो. शिंपला विरघळवून पाहायचा असेल तर तो प्रयोग वेगळ्या भांड्यात, वेगळ्या दिवशी, शिक्षकांच्या देखरेखीखाली करावा.

शिंपले गोळा करण्यावर काही बंधने आहेत का?

आहेत. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ खाली संरक्षण आहे, त्यामुळे किनाऱ्यावर पडलेला मेलेला प्रवाळही उचलून आणू नये. मालवणचा सागरी अभयारण्याचा परिसर १९८७ पासून संरक्षित आहे. तिथे काहीही गोळा करू नये. इतरत्र रिकामे, साधे शिंपले मोजकेच घ्यावेत आणि जिवंत कालव खडकावरून उपटू नये.

पुढे शिकायचे असेल तर कुठे जावे, आणि नमुना कसा जपावा?

कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग कारवारला कोडीबाग येथे आहे आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था गोव्यात दोना पावला येथे आहे. दोन्ही ठिकाणे बेळगावहून एका दिवसात गाठता येतात. विज्ञान शाखेच्या पदवीनंतर सागरी जीवशास्त्राचा विचार करणाऱ्या सीमाभागातल्या विद्यार्थ्यांनी ही जवळीक वाया घालवू नये.

तिथल्या अभ्यासकांना दाखवायचा नमुना नोंदीशिवाय निरुपयोगी ठरतो. किनाऱ्याचे नाव, खाडीच्या मुखापासून अंदाजे अंतर, तारीख, भरती होती की ओहोटी, शिंपला कोणत्या प्राण्याचा आहे आणि जिवंत स्पंजाचा रंग कोणता होता, एवढे जागेवरच लिहून घ्यावे. रंग मुद्दाम लिहावा, कारण अल्कोहोलमध्ये तो काही तासांत उतरतो. ही माहिती जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून चिठ्ठी बाटलीच्या आतच टाकावी; पेनाची शाई विरघळते आणि बाहेर चिकटवलेले लेबल प्रवासात सुटते.